कायदाप्रेमी नागरिकाची तक्रार

५ जानेवारी

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार, आणि नमस्कारामागोमाग लगेच गाऱ्हाणं.

तुम्ही फोन करू देत नाही. ‘फोनवर बोललेलं पुरावा होत नाही’ हे तुमचं वाक्य मामी आता झोपेतसुद्धा म्हणते, म्हणून लिहायला बसले. मामा, मला नोकरी लागली! इथल्या कायद्याच्या ग्रंथालयात, सहायक म्हणून, पण तीन महिने चाचणीवर.

मुलाखतीत ग्रंथपालबाईंनी विचारलं, ‘कायद्याची काही माहिती?’ मी म्हटलं, ‘माझे मामा एकतीस वर्षं कोर्टात होते, लहानपणापासून तेच कानावर पडलंय.’ यात खोटं काही नाही. तुम्ही चार नंबरच्या कोर्टाच्या दाराबाहेर उभे राहून पक्षकारांच्या नावाचा पुकारा करत होता, एवढंच सांगायचं राहून गेलं. बाईंनी मान डोलावली आणि मी लागले.

दोन लांबलचक खोल्या आहेत, छतापर्यंत लोखंडी फडताळं, आणि एक चाकाची शिडी. तिचं एक चाक अडकलंय, त्यामुळे ती फक्त डावीकडे जाते. उजवीकडचं पुस्तक हवं असेल तर आख्खी खोली फिरून यावं लागतं. बाई इतक्या हळू बोलतात की ओठांकडे बघून अंदाज करायचा. जिन्यावरही तसंच बोलतात, रस्त्यावरही तसंच.

पहिल्याच दिवशी एक वकील धावत आले. ‘डायजेस्ट द्या, लवकर, साहेब बसलेत!’ मी सगळ्यात जाड पुस्तक उचलून दिलं. ते घेऊन तसेच पळाले. तासाभराने परत आले आणि पुस्तक उघडून माझ्यापुढे सरकवलं. मामा, ती आमच्या सामानाची नोंदवही होती. त्यांनी न्यायाधीशांसमोर उघडून वाचायला सुरुवात केली ती ‘लाकडी खुर्च्या, हात असलेल्या, बावीस’ इथपासून.

आता मुद्द्याचं. वीस मार्चला बाई मला एक प्रश्न देणार. सकाळी नऊ ते दुपारी एक, तेवढ्या वेळात त्यावरचा कायदा शोधून काढायचा. जमलं तर एकतीस मार्चला कायम, नाही जमलं तर परत दादाच्या रंगाच्या दुकानात. सात वर्षं रंग ढवळलेत मी. निघताना वहिनी म्हणाली, ‘तुझा एप्रन धुऊन ठेवते, तीन महिन्यांत लागेलच.’ मामा, मला परत नाही जायचं. इथे माझी एक खोली आहे, तिला खिडकी आहे, आणि त्या खिडकीची कडी कधी लावायची ते मी ठरवते.

तेव्हा पटकन सांगा : डायजेस्ट म्हणजे काय, हेडनोट काय, साइटेशन काय, आणि ओव्हररूल झालेल्या निकालाचं काय करतात?

तुमची,
खारू

९ जानेवारी

चि. खारूस,

आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद.

योग्य माणसाला विचारलंस. कायदा कोर्टाच्या आत कळत नाही, दाराबाहेर कळतो. आत जो तो आपली बाजू सांगतो, बाहेर आला की खरं बोलतो. मी एकतीस वर्षं त्या दाराला पाठ लावून उभा होतो. माझ्याएवढा कायदा कुणाच्याच कानांवरून गेला नसेल.

साइटेशन म्हणजे आकड्यांची रांग. वकिलाने ती भरभर म्हणायची, म्हणजे तो मोठा वकील ठरतो. आमच्याकडे एक होते, एका श्वासात सात म्हणायचे. साहेब लगेच पुढची तारीख द्यायचे.

डायजेस्ट म्हणजे हजारो निकालांचं सार, एकेका ओळीत. ते मिळालं की मूळ निकाल उघडायचं कारण उरत नाही. हेडनोट म्हणजे निकालाच्या डोक्यावर छापलेल्या चार ओळी. तेवढ्याच खऱ्या! खालची पन्नास पानं साहेबांनी आपल्या मनाच्या समाधानासाठी लिहिलेली असतात. माझ्या आख्ख्या नोकरीत मी एकाही वकिलाला पन्नास पानं वाचताना बघितलं नाही. सगळे चहा पीत पीत हेडनोट वाचायचे आणि आत जायचे.

ओव्हररूल म्हणजे वरच्या कोर्टाने मोडीत काढलेला निकाल. मेला तो. असले मेलेले निकाल फडताळात ठेवणं म्हणजे वाचकाच्या वाटेत खड्डा खणणं. ते काढून टाक, काढून टाक, काढून टाक. बाई खूश होतील, लिहून ठेव.

इकडे सगळं ठीक. रोज सकाळी सहाला गच्चीवर माझी तालीम चालूच आहे. जुन्या खटल्यांतली तीन नावं, प्रत्येक नाव तीनदा, पोटातून. नोकरीत असताना रोज करायचो, निवृत्त झालो म्हणून काय गळा गंजू द्यायचा? खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणतात, मी थांबावं. जन्मभर लोकांना ओरडायला लावलं आणि आता एका माणसाचं ओरडणं सहन होईना!

मामी म्हणते, खिडकीची कडी लावत जा.

तुझा,
मामा

२ फेब्रुवारी

ती. मामांस,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, कारण दोनशे चौदा खंड परत जागेवर लावत होते.

तुमचं पत्र आलं आणि मला हुरूप आला. नंतरच्या पुस्तकांत जुन्या निकालांची एक यादी असते, कुठला पाळला गेला, कुठला ओव्हररूल झाला. ती घेऊन बसले आणि जिथे जिथे मेलेला निकाल सापडला तो खंड बाहेर व्हरांड्यात. संध्याकाळपर्यंत एक खोली रिकामी! वकील मंडळी ढिगाऱ्यावर चढून हवं ते ओढत होती. एकजण वरून घसरला तो थेट फौजदारीच्या ढिगात बसला. मी मात्र घाम पुसत उभी, बाई आता शाबासकी देणार म्हणून.

बाई आल्या. व्हरांड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाल्या, ‘का?’ मामा, तो ‘का’ तळमजल्यापर्यंत ऐकू गेला असणार.

मग त्यांनी मला बसवून सांगितलं. एकेका खंडात तीनतीनशे निकाल असतात, त्यातला एक रद्द झाला म्हणून बाकीचे दोनशे नव्व्याण्णव कुठे जातील? आणि रद्द झालेलाही ठेवायचाच, कारण काय रद्द झालं आणि का, हे वाचकाला कळायला हवं. साइटेशन भरभर म्हणायची नसते. तो पत्ता आहे : कुठली मालिका, कुठलं वर्ष, कितवा खंड, कितवं पान. मी म्हटलं, मला हे डायजेस्ट काही डोक्यात शिरत नाही. बाईंनी विचारलं, ‘आधी काय करत होतात?’ मी खरं ते सांगितलं. तर म्हणाल्या, ‘शेडकार्ड बघून गिऱ्हाईक भिंत रंगवतं का?’ मामा, लख्ख उजेड पडला. डायजेस्ट म्हणजे शेडकार्ड. त्यावर छटा शोधायची, नंबर घ्यायचा आणि मग आत जाऊन डबा उघडून बघायचा. डब्यात काय निघेल ते डब्यावर, शेडकार्डावर नाही. हे मला सात वर्षं माहीत होतं!

तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. इथली पद्धत वेगळी असेल.

शिक्षा म्हणून सध्या दुरुस्तीच्या पट्ट्या चिकटवते. कायद्यात बदल झाला की छापील पट्ट्या येतात, त्या जुन्या ओळीवर एका कडेने डकवायच्या. बोटं गोंदाने एकमेकांना चिकटलीत, हे पत्र तीन बोटांनी लिहिलंय.

परीक्षेचा प्रश्न कुठून येणार तेही कळलं. बाहेरगावचे लोक ग्रंथालयाला पत्राने प्रश्न विचारतात, त्यातलंच एक बाई उचलतात.

तुमची,
खारू

५ मार्च

चि. खारूस,

आशीर्वाद, पण एकदाच. पद्धत वेगळी म्हणे! कायदा काय हवापाण्यावर बदलतो? आठ दिवस मी कुणाशी बोललो नाही. मामी म्हणाली, फार बरं वाटलं.

दंतवैद्यांनी आता वकिलामार्फत कागद पाठवलाय. सकाळच्या तालमीने त्यांना ‘उपद्रव’ होतो. मी उपद्रव! चार नंबरच्या कोर्टात माझ्या पुकाऱ्याने रस्त्यापलीकडच्या दुकानातले साक्षीदार धावत यायचे. गेल्या एकतीस वर्षांत या गच्चीवर कुणी चकार शब्द काढला नव्हता. हे गृहस्थ गेल्या वर्षी राहायला आले.

असो. एक गोष्ट नीट लक्षात ठेव. एखादी गोष्ट माणसाने तीस वर्षं उघडपणे केली की तो त्याचा हक्क होतो. मी स्वतः दारात ऐकलंय, आणि तशी हेडनोट आहे. गाणं शिकवणाऱ्या एका मास्तरांचा खटला होता. मास्तरांचं नाव मीच पुकारलं होतं, पुढे तो वरच्या कोर्टात गेला. वीस तारखेला तुला याचा उपयोग होईल. का ते विचारू नकोस. हेडनोट वाचायची, उतरवायची आणि साडेनऊला मोकळं व्हायचं. पोरी, तुझी नोकरी आता तुझ्या मामाच्या हातात आहे, निर्धास्त राहा.

तुझा,
मामा

२० मार्च

प्रति,
‘एक कायदाप्रेमी नागरिक’
द्वारा सायकल दुरुस्तीचं दुकान, गल्लीच्या तोंडाशी

महोदय,

आपलं पत्र मिळालं. आपण विचारता की एकतीस वर्षं रोज सकाळी सहाला गच्चीवर ‘मोकळ्या आवाजाचा व्यायाम’ करणाऱ्या ‘एका प्रतिष्ठित, सुस्वभावी आणि सर्वांना प्रिय अशा निवृत्त गृहस्थाला’ तो करत राहण्याचा हक्क आहे का. ग्रंथालय सल्ला देत नाही. कायदा कुठे लिहिलाय, एवढंच दाखवतं.

डायजेस्टमध्ये ‘उपद्रव’ या शब्दाखाली ‘आवाज’ असा पोटभाग आहे. तिथे गाणं शिकवणाऱ्या एका मास्तरांच्या खटल्याची नोंद सापडली. त्या निकालाची हेडनोट म्हणते की दीर्घकाळ उघडपणे केलेला आवाज हा हक्क ठरतो. इथेच थांबलं असतं तर हे पत्र छोटं झालं असतं आणि आपल्याला आवडलंही असतं.

परंतु निकाल एकूण बावन्न पानांचा आहे. तीन न्यायाधीश होते. हेडनोटमधली ती ओळ त्यातल्या एकाच न्यायाधीशांची आहे, आणि ते बाकी दोघांशी असहमत होते. हेडनोट लिहिणाऱ्याचं हे सांगायचं राहून गेलंय. त्या एकट्या न्यायाधीशांची भाषा फार सुंदर आहे, वाचताना मलाही वाटलं की हेच खरं असावं. पण ते एकटे आहेत, आणि निकाल दोघांचा धरला जातो. ते दोघे म्हणतात की आवाज करणाऱ्याला सवय झाली म्हणून ऐकणाऱ्याला होत नाही, आणि नवा शेजारी आला तरी त्याची झोप जुनीच असते. हा निकाल पुढे कुणी मोडला का, तेही पाहिलं. मोडलेला नाही. नंतरच्या चार निकालांनी तो पाळलाय.

याशिवाय आपल्या नगराचे नियम बघावेत. त्यात मोकळ्या जागेतल्या आवाजाला सकाळी सहापासून परवानगी आहे असं छापलंय, पण त्यावर दुरुस्तीची पट्टी आहे. पट्टीवर आठ आहेत. पट्टी मीच चिकटवली होती, त्यामुळे खात्रीने सांगते.

निकालाची आणि नियमाची प्रत सोबत आहे. कृपया सर्व पानं वाचावीत.

आपली विश्वासू,
सहायक (चाचणीवर)

२३ मार्च

मा. ग्रंथपालबाई यांस,

मी एक कायदाप्रेमी नागरिक असून आपल्या सहायक बाईंविरुद्ध तक्रार करू इच्छितो.

माझा प्रश्न साधा होता. हेडनोट सरळसरळ माझ्या, म्हणजे त्या प्रतिष्ठित गृहस्थांच्या, बाजूची होती. ती उतरवून गप्प बसायचं सोडून सदर बाईंनी कुणी सांगितलं नसताना बावन्नच्या बावन्न पानं वाचली. तेवढ्यावर न थांबता पुढच्या वर्षांचे निकाल उकरून काढले. आणि कळस म्हणजे सहाला परवानगी देणारा चांगला छापील नियम समोर असताना वरची चिकटवलेली पट्टी वाचली. असा भोचकपणा मी कोर्टाच्या दारात एकतीस वर्षांत पाहिला नाही. त्या गृहस्थांनी हे उत्तर आपल्या शेजाऱ्याला दाखवायचं ठरवलं होतं, आता कोणत्या तोंडाने दाखवणार?

या बाईंवर योग्य ती कारवाई करावी, करावी, करावी.

आपला,
एक कायदाप्रेमी नागरिक

२४ मार्च

खारे,

घात झाला. तो नागरिक मी होतो. तुला सोपा प्रश्न मिळावा म्हणून मीच तो पाठवला, आणि बाईंचा हात नेमका त्यावर पडावा म्हणून पाकीट गुलाबी घेतलं. तुझं उत्तर वाचून डोकं फिरलं आणि त्या सहायक बाईंची तक्रार करून बसलो. पेटीत टाकून आल्यावर मामीला तिची नक्कल ऐटीत वाचून दाखवली तर ती म्हणाली, ‘अहो, ती सहायक बाई म्हणजे आपली खारूच ना?’

मी चपला न घालता पळालो. टपालपेटीत हात घातला तो मनगटापाशी अडकला. पोस्टमन आला, हात सोडवला आणि म्हणाला की पत्रं कालच गेली. दंतवैद्य रस्त्यावर उभे राहून सगळं बघत होते.

मामा

२७ मार्च

‘एक कायदाप्रेमी नागरिक’ यांस,

महोदय,

आपली तक्रार मिळाली. मी ती दोनदा वाचली.

आपण म्हणता की आमच्या सहायकांनी संपूर्ण निकाल वाचला, तो पुढे टिकला की नाही हे तपासलं आणि दुरुस्तीची पट्टीही पाहिली. मी त्यांना बोलावून विचारलं. त्यांनी हे तिन्ही आरोप मान्य केले आहेत.

आपलं पत्र त्यांच्या कागदपत्रांत सर्वांत वर लावलंय. त्यांच्या नोकरीचा निर्णय मी एकतीस तारखेला घेणार आहे, आणि तो घेताना आपलं पत्र माझ्यासमोर असेल.

ग्रंथपाल

२९ मार्च

चि. खारूस,

बाईंचं पत्र सायकलवाल्याने आणून दिलं. ‘कागदपत्रांत सर्वांत वर’ लावलंय म्हणे. ‘आरोप मान्य’ केलेत म्हणे! अगं, मान्य कशाला केलेस? माझ्या दारातून गेलेल्या एकाही आरोपीने पहिल्या तारखेला मान्य केलं नाही. संपलं सगळं. तुझी खोली गेली, खिडकी गेली, आणि घालवली ती तुझ्या मामाने. मामी माझ्याशी बोलत नाही, आणि या वेळी मला ते मुळीच बरं वाटत नाहीये.

एक सांगायचं होतं, आत्ताच सांगतो. कोर्टाच्या वरच्या मजल्यावर ग्रंथालय होतं. एकतीस वर्षांत मी तिथे एकदाही गेलो नाही. कुणी अडवलं नव्हतं. पण आपण पडलो पुकारा करणारे, आत जाऊन मागायचं काय, आणि कुणी विचारलं ‘काय हवंय’ तर सांगायचं काय? म्हणून जे कानावर पडलं तेच कायदा म्हणून जपलं. मास्तरांच्या खटल्यात त्यांचे वकील दारातून बाहेर येऊन ‘हक्कच आहे’ म्हणाले, मी ते निकाल समजून बसलो. ते हरले होते, हे मला परवा तुझ्या पत्रातून कळलं.

तू पाठवलेली बावन्न पानं मी वाचली. तीन दिवस लागले. काही शब्द अडले, पण ते दोघे न्यायाधीश बरोबर आहेत गं. मी खाली जाऊन दंतवैद्यांना ती पानं दिली आणि सांगितलं, आठच्या आत तोंड उघडणार नाही. ते म्हणाले, ‘आठनंतर उघडा, हवं तर तपासूनही देतो.’

तू म्हणशील तर मी येऊन बाईंच्या पायाशी बसतो आणि सगळं सांगतो. आणि तुला राग आला नसेल तर एक विचारायचं होतं. तुमच्या तिथे माझ्यासारख्या माणसाला आत बसून वाचू देतात का?

तुझा,
मामा

१ एप्रिल

ती. मामांस,

नमस्कार.

आधी हे वाचा : माझा राग नाही. पाकीट हातात आल्याबरोबर मी अक्षर ओळखलं होतं. शिवाय प्रत्येक विनंती तीनदा लिहिलेली. मी तशीच बाईंकडे गेले आणि म्हटलं, हे माझे मामा आहेत, मला दुसरा प्रश्न द्या. बाई म्हणाल्या, ‘हाच सोडवा.’

मामा, हेडनोट सापडली तेव्हा खरोखर साडेनऊ वाजले होते. मी दहा मिनिटं पेन उघडून बसले होते. वाटलं, मामा म्हणतात ते लिहावं, सगळेच खूश होतील. पण पान उलटायचा मोह आवरेना. ती दोघा न्यायाधीशांची पानं वाचताना मला रडू येत होतं, कारण तुमची गच्ची जाताना दिसत होती. तरी लिहिलं.

तुमची तक्रार आली त्या दिवशी काय झालं ते ऐका. बाईंनी ती वाचली, परत वाचली, आणि मोठ्याने हसल्या. मामा, खदाखदा! वाचत बसलेले वकील घाबरून उभे राहिले, बाईंना आवाज आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. मग त्यांनी ती तक्रार सगळ्यांना वाचून दाखवली, तुमच्या त्या ‘करावी, करावी, करावी’सकट. नोंदवहीवाले वकील म्हणाले, ‘या नागरिकाचा सत्कार करा.’ बाई म्हणाल्या, ‘वीस वर्षांत मी इतकं चांगलं शिफारसपत्र पाहिलं नाही.’

वहिनीला सांगा, एप्रन कुणालातरी देऊन टाक.

वाचू देतात का म्हणून विचारलंत. देतात, मामा, कुणालाही देतात. सोबत वाचकाचा अर्ज आहे. तुमचं पूर्ण नाव लिहा, ‘कायदाप्रेमी नागरिक’ चालणार नाही. दोन तासांची बस आहे, नऊला दार उघडतं. आल्यावर बाहेर उभे राहू नका, सरळ आत या. कुणी ‘काय हवंय’ विचारलं तर ती मीच असेन.

अर्जावर खाली वाचकाला ओळखणाऱ्या कायम कर्मचाऱ्याची सही लागते. ती मी केली आहे.

तुमची,
खारू